डांबराखालचे चार आटे

नगरपालिकेत मी बत्तीस वर्षं पाणी सोडलं. कागदावर आमच्या कामाला मोठं नाव होतं, पण लोक मला चावीवाला म्हणायचे, कारण खांद्यावर कायम ती छातीइतकी उंच लोखंडी चावी असायची. रस्त्यातलं झाकण उचलायचं, खालच्या व्हॉल्व्हवर चावी बसवायची आणि फिरवायची. चावीचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. बाजाराच्या गल्लीला नऊ आटे, शाळेच्या रस्त्याला अकरा, उतारावरच्या घरांना सहाच, नाहीतर पाणी सगळं त्यांच्याकडेच पळतं. एकशे चौदा व्हॉल्व्ह होते आणि सगळ्यांचे आटे माझ्या डोक्यात होते. दुसरीकडे कुठे असणार? मला तेव्हा लिहिता येत नव्हतं.

अक्षरं मी बासष्टाव्या वर्षी शिकलो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांचा वर्ग चालायचा. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि संध्याकाळ सरता सरत नव्हती, म्हणून जाऊन बसलो. शिकायची हौस म्हणाल तर ती नंतर आली. आधी फक्त चार माणसांत बसायचं होतं.

आता एकाहत्तर चालू आहे. दोन खोल्या आहेत, खिडकीतून पाण्याची उंच टाकी दिसते. मुलगी लांब असते, रविवारी फोन करते. तिचे तीन प्रश्न ठरलेले: जेवलात का, गोळ्या घेतल्या का, कुणी येतं-जातं का. तिसऱ्याला मी नेहमी हो म्हणतो. ते खोटं नव्हतं. समोरची लाँड्रीवाली रोज यायची.

पंचवीस वर्षांपूर्वी तिने आमच्या समोरचा गाळा घेतला. माझी बायको तेव्हा अंथरुणाला खिळलेली. ही पोर दुपारी मशीन चालू करायची आणि बायकोपाशी येऊन बसायची. तिला अक्का म्हणायची, म्हणून मी भावजी झालो. अक्का गेली, भावजी राहिले. ती पन्नाशीला आली तरी मी तिला पोरीच म्हणतो. रोज साडेचारला एका हातात चहाची किटली आणि दुसऱ्या हातात माझ्यासाठी एखादं भांडण घेऊन ती दारात उभी राहायची.

"भावजी, दाढी केव्हा केलीत? घर सारवायचा कुंचा झालाय तोंडाचा."

"मला बघायला येतंय कोण?"

"मी येते ना! मी काय भिंत आहे?"

दिवसभरात मी तेवढाच बोलायचो. बाकी वेळ रेडिओ बोलायचा.

तर अशा घरी एका सकाळी नगरपालिकेची नवी इंजिनियरबाई आली. वय तिशीच्या आतबाहेर, बुटांना चिखल, हातात कोरी जाड वही. आत आली, बसली आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाली, "काका, टाकीतून पाणी पळतंय."

"म्हणजे?"

"दुपारी बारा ते चार सगळे व्हॉल्व्ह बंद असतात. कुणालाही पाणी नसतं. तरी टाकीची पातळी वीतभर उतरते. रोज. आम्ही सात ठिकाणी रस्ता खणला. पाइप कोरडा ठणठणीत. गळती कुठेच नाही."

मी तिच्यासाठी पाणी आणायला उठलो. नळ सोडला, पेला भरला. सकाळचे दहा वाजले होते. आमच्या गल्लीची वेळ सातलाच संपलेली. नळाला पाणी कसं, हे तिच्या लक्षात आलं नाही. घरात टाकी असेल असं समजली असावी.

मग तिने सगळं समजावून सांगितलं. शहर वाढलंय, शेवटच्या वस्तीला पाणी पोचत नाही. नदीवर दुसरा पंप बसवा असा आग्रह आहे. दोन महिन्यांनी सभेत मतदान. "पण नदीत आता घोटाभर पाणी उरलंय, काका. आपण आणखी उपसलं तर खालच्या गावांना नुसती वाळू मिळेल. मी सभेला सांगितलंय, आधी आहे ते पाणी नीट वाटू, चोरवाट सापडली तर पंपाची गरजच नाही. नाही सापडली तर मला तोंड नाही."

"मी काय करू?"

तिने वही पुढे केली. "आमच्याकडचा नकाशा वीस वर्षांपूर्वीचा आहे. तुम्ही बोललात, कारकुनाने काढला, तुम्ही अंगठा दिलात. त्यात आटे नाहीत, दिशा नाही, काही नाही. आता तुम्ही स्वतः लिहा. प्रत्येक व्हॉल्व्ह कुठे, किती आटे, कुणाला पाणी. तुमची वही हाच आमचा नकाशा."

माझ्या हातून कुणी काही लिहून मागितलं, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

पाच आठवडे मी लिहीत बसलो. एका पानावर एक व्हॉल्व्ह. खिडकीशी टेबल ओढलं, चष्मा पुसला, शुद्धलेखनाच्या नावाने बोटं मोडली. लाँड्रीवाली चहा ओतता ओतता वाकून बघायची.

"भावजी, 'चेंबर'ला केवढा मोठा च काढलाय! खड्डा आहे की विहीर?"

"तू कपडे धू. साहित्यात पडू नकोस."

एकशे चौदा पानं भरली. प्रत्येक पानाखाली सही केली. आणि एकशेपंधरावं पान कोरं ठेवलं.

आता ते सांगतो. आमच्या गल्लीला दोन बाजूंनी पाणी येत होतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह आहे, तो नकाशात आहे, वेळेवर उघडतो, वेळेवर बंद होतो. दुसऱ्या टोकाला जुन्या काळची एक लहान जोडणी होती, सरळ टाकीच्या मुख्य नळावरून आलेली. सत्तावीस वर्षांपूर्वी नवी पाइपलाइन टाकली तेव्हा साहेब म्हणाले, ती जुनी बंद करून टाक. मी चावी घेऊन गेलो. त्याच महिन्यात बायकोचे पाय गेले होते. तिचं सगळं अंथरुणातच, आणि कधी पाणी लागेल त्याचा नेम नाही. आणि मी मात्र दुसऱ्यांच्या दारी पाणी सोडत फिरणार. पाण्याच्या वेळेला मी घरी कधीच नसायचो. मी व्हॉल्व्ह फिरवला आणि शेवटचे चार आटे ठेवून दिले.

तेवढ्यावर आमच्या गल्लीला चोवीस तास पाणी राहिलं. दोन वर्षांनी रस्त्यावर डांबर पडलं, झाकण बुजलं. नकाशा काढणाऱ्या कारकुनाने विचारलं, अजून काही? मी म्हणालो, नाही. बायको होती तोवर मी स्वतःला सांगत होतो, ती आहे तोवर. ती गेली. तेव्हा सांगायला हवं होतं. पण गल्लीतली माणसं म्हणायची, आपण टाकीच्या पायथ्याशी आहोत ना, म्हणून पाणी जात नाही. नशीबवान गल्ली. लाँड्रीवालीने गाळा घेतला तोच या पाण्यावर विसंबून. आणि मला वाटायचं, चार आटे म्हणजे काय, थेंब.

वीतभर थेंब. रोज.

वही द्यायला गेलो तर इंजिनियरबाई नवव्या खड्ड्यापाशी उभ्या होत्या. आत दोन मजूर. त्यातला म्हातारा मला ओळखून म्हणाला, "या चावीवाले! बघा, पाताळापर्यंत आलो. कुठंतरी पाणी मुरतंय हे नक्की, पण इथं नाही."

दुसरा हसला. मीही हसलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं. तो म्हातारा कंबर धरून खड्ड्याच्या भिंतीला टेकला होता आणि हाताची माती पुसत होता. कोरडी माती. नऊ खड्डे मी एकही शब्द न बोलता खणून घेतले होते.

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या पानं चाळली. "काका, हे सोनं आहे," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर, शेवटच्या वस्तीत दाब मोजायचाय."

शेवटची वस्ती उताराच्या पार तळाला, जुन्या वीटभट्टीपलीकडे. नोकरीत असताना मी तिथे चावी फिरवून लगेच निघायचो. थांबायला वेळ नसायचा, असं मी म्हणायचो. त्या दिवशी थांबलो. एका सामाईक नळाला सतरा भांडी रांगेत लावलेली. धार सुतळीएवढी. बाईंनी नळाला मीटर जोडलं, काटा जेमतेम हलला.

रांगेतली एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय मोजताय, ताई? वेळ मोजा. एका बादलीत माझी एक झोप होते."

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे काका बत्तीस वर्षं पाणी सोडत होते."

"अगं बाई! हे सोडत होते होय? आम्हाला वाटलं नळ आपला आपणच रडतो."

सगळ्या हसल्या. टोमणा होता, पण त्यात राग नव्हता. मग तिनेच कुठूनतरी स्टूल आणून माझ्याकडे सरकवलं. "बसा आजोबा. भरायला अजून तासभर आहे." मला ते स्टूल बोचलं. मी उभाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी साडेचारला किटली आली. मी म्हणालो, "पोरी, बस. तुला काही सांगायचंय."

सगळं सांगितलं. तिचा चहा तसाच राहिला. शेवटी म्हणाली, "हे अजून कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही."

"मग झालं. कशाला उकरताय? अक्कासाठी केलंत. अक्काच्या नावावर राहू द्या."

"अक्का जाऊन अकरा वर्षं झाली. नंतरचं पाणी कुणाच्या नावावर लावू?"

"माझ्या लावा." ती एकदम उसळली. "दोन मशीन आहेत माझी. सकाळी तास, संध्याकाळी तास, एवढ्या पाण्यात काय धुऊ? रुमाल? गाळ्यात टाकी ठेवायला जागा नाही, तुम्हालाही माहीत आहे. भावजी, मी काय खायचं?"

मी तिचा गार झालेला चहा तिच्यापुढे सरकवला.

"त्या वस्तीतल्या बायका तुम्हाला कालच भेटल्या," ती म्हणाली. "मी पंचवीस वर्षं येतेय. पंचवीस वर्षं. अक्काची पाठ पुसलीय मी, भावजी."

"माहीत आहे."

"माहीत असून सांगणार?"

तिने किटली उचलली. दारात थांबली, किटली या हातातून त्या हातात घेतली. खिडकीतून मी तिला रस्ता ओलांडताना पाहिलं. अर्ध्या रस्त्यात तिने किटलीतला उरलेला चहा गटारात ओतला.

त्या रविवारी मुलीने विचारलं, कुणी येतं-जातं का. हो म्हणालो. तीन दिवस कुणी आलं नव्हतं.

सोमवारी मी नगरपालिकेत गेलो. इंजिनियरबाई टेबलावर दहाव्या खड्ड्याची जागा आखत होत्या. मी वही मागून घेतली आणि त्यांच्यासमोर बसून एकशेपंधरावं पान लिहिलं. सही करून त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं.

"काका, तुम्ही?"

"मीच."

त्यांनी पेन्सिलीने दहाव्या खड्ड्याच्या जागेवर काट मारली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग हळूच म्हणाल्या, "सर्वेक्षणात सापडला असं लिहिते. तुमचं नाव कुठे यायची गरज नाही. हे पान फाडून टाकू."

खरं सांगतो, मोह झाला. लाँड्रीवालीने तोंड उघडलं नव्हतं आणि ती उघडणारी बाई नव्हती. गल्ली मला दोष न देता नगरपालिकेला देत बसली असती.

"तुमची माणसं बंद करतील तो?" मी विचारलं.

"करतील की. डांबर फोडायचं आणि बंद करायचा."

"कुठल्या बाजूला फिरवतील?"

"उजवीकडे. सगळे उजवीकडेच बंद होतात."

"तो डावीकडे होतो. जुन्या बनावटीचा आहे. उजवीकडे जोर लावला तर पूर्ण उघडेल, नाहीतर सत्तावीस वर्षांच्या गंजाने दांडाच तुटेल. मग मुख्य नळ फुटला समजा, चार दिवस सगळं शहर कोरडं. त्याला माझाच हात लागेल, बाई. आणि मी भर रस्त्यात चावी घेऊन वाकलो की गल्ली काय आंधळी आहे? पान राहू द्या."

बुधवारी सकाळी डांबर फोडलं. जागा मी पायाने दाखवली, घडीव दगडाच्या पायरीपासून पाच पावलं. पहिल्याच घावात झाकण लागलं. गल्ली गोळा झाली. झेरॉक्सवाला, वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, गाड्या धुणारं एक जोडपं. लाँड्रीवाली आपल्या उंबऱ्यात उभी होती, हातात ओली चादर तशीच.

मी खड्ड्यात उतरलो. तेल ओतलं, वाट पाहिली, परत ओतलं. चावी बसवली. पहिला आटा हलेना. म्हातारा मजूर खाली उतरायला लागला तर मी त्याला हाताने थांबवलं. अंगातला सगळा जोर काढला तेव्हा कुठे दांडा कुरकुरला. एक. मग दोन. तिसऱ्याला खांदा भरून आला, थांबलो. वर कुणीतरी विचारलं, "हा कसला व्हॉल्व्ह? नकाशात आहे का?" आणि मास्तर म्हणाले, "ह्यांना बरा ठाऊक!" चौथा आटा सगळ्यात सोपा गेला. पाइपातली सळसळ माझ्या तळहाताला लागत होती. ती विरत गेली आणि थांबली.

वर आलो तेव्हा कुणी हात दिला नाही. इंजिनियरबाई फोनवर बोलत होत्या, टाकीवरच्या माणसाशी. फोन ठेवून त्या मोठ्याने म्हणाल्या, "पातळी स्थिर आहे!" आणि मग आजूबाजूला बघून गप्प झाल्या.

त्या महिन्यात सभेने पंपाचा ठराव बाजूला ठेवला. नगरपालिकेच्या दारात मोठा फळा लागला. कुठल्या भागाला काल किती पाणी गेलं, रोज खडूने लिहायचं. कुणीही यावं, वाचावं, भांडावं. बाईंनी गळके सांधे बदलायला घेतले, प्रत्येक नळाला मीटर आलं. मी फळा वाचायला जातो. शेवटच्या वस्तीचा आकडा पहिल्या आठवड्यात दुप्पट झाला. तिथे उभा असताना मला बरं वाटतं. घरी येईपर्यंत ते पुरत नाही.

गल्लीने मला वाळीत वगैरे टाकलं नाही. तसं कुणी करत नाही आता. फक्त मी दिसलो की झेरॉक्सवाल्याला मशीनमध्ये काहीतरी शोधायचं असतं. मास्तर एकदा भेटले, म्हणाले, "केलंत ते बरोबर, पण इतकी वर्षं चाललं होतं ना सगळं?" सकाळी सहा ते सात बादल्यांचा आवाज होतो. मीही भरतो. दोन बादल्या आणि एक घागर, एकट्याला उरतं. तेवढ्या वेळात समोरच्या गाळ्यात एकच मशीन चालायचं. दुसऱ्यावर तिने कापड टाकलं होतं.

एके सकाळी टेम्पो आला. दोन्ही मशीन, इस्त्रीचं टेबल, पाटी. मी दारात गेलो, म्हणालो, "पोरी, हात लावू का?"

ती ड्रायव्हरला म्हणाली, "त्या बाजूने धर, कडेला लागेल." शटर ओढलं आणि कुलपाची किल्ली घरमालकाच्या पेटीत टाकून गेली.

कुठे गेली ते मला कुणी सांगितलं नाही. इंजिनियरबाईंकडून कळलं, व्यवसायाच्या नळजोडणीचा अर्ज आला होता, शेवटच्या वस्तीतून. तिथे आता धार चांगली आहे, गाळेही मोठे आहेत, दारात टाकीला जागा आहे.

तीन आठवडे मी स्वतःला सांगत होतो, जायचं नाही. मग एका सोमवारी पांढरा शर्ट पिशवीत घातला आणि उतार उतरलो. गुडघे कुरकुरत होते. वीटभट्टी ओलांडली, नळापाशी आता रांग नव्हती, नुसता ओला चौथरा. पुढे तिची पाटी दिसली. आतून दोन्ही मशीनचा आवाज येत होता.

ती काउंटरमागे होती. माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. मी शर्ट ठेवला. तिने तो उलगडला, कॉलर बघितली, बाह्या बघितल्या, एका बटणाचा सैल दोरा दाताने तोडला. आमच्या घरचे कपडे तिने कधी दुकानाचे म्हणून घेतलेच नव्हते. अक्का असल्यापासून ती ते पाठीमागच्या दोरीवर आपल्या कपड्यांत वाळवायची आणि घडी करून आणून द्यायची.

तिने पावतीपुस्तक ओढलं. पेन उघडलं.

"नाव?"

मला आधी कळलंच नाही ती कुणाला विचारतेय.

"नाव सांगा. पावतीवर लिहायचंय."

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. पंचवीस वर्षांत तिला ते कधी लागलंच नव्हतं. तिने ते सावकाश लिहिलं, मध्ये एकदा अडली, मी वडिलांचं नाव पुन्हा सांगितलं. पावती फाडून तिने काउंटरवर ठेवली. माझ्या हातात दिली नाही.

मागे कुठलंतरी मशीन थांबलं आणि पाणी भरायला लागलं. जोरात भरत होतं.

"पाणी बरं आहे इथे," मी म्हणालो.

"आहे," ती म्हणाली. मग शर्टची घडी घालत, माझ्याकडे न बघता, "गुरुवारी या. साडेचारनंतर."

मी पावती खिशात ठेवली आणि चढ चढायला लागलो. गुरुवारला तीन दिवस होते.